साडेतेरा सामन्यांची पिछाडी आणि एक दुर्बीण

२०१४ च्या मे महिन्यात वानखेडेवर आदित्य तरेने फुलटॉसवर षटकार मारला आणि मुंबई इंडियन्स प्लेऑफमध्ये पोचली. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना त्याआधीची आकडेमोडही आठवत असेल. पहिले पाचच्या पाच सामने हरलेला संघ, समोर १९० धावा, आणि त्याही १४.३ षटकांत करायच्या. आमच्या घरी तर भावजींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर नेट रन रेट मांडला होता. अशी आकडेमोड आपल्याला नवी नाही, म्हणूनच गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर त्याच्या बेसबॉल संघाचा गुणतक्ता टाकला तेव्हा सगळे तुटून पडले. त्यात शेवटच्या रकान्यात अमुक संघ साडेचार सामने मागे, तमुक साडेसात सामने मागे, असं लिहिलेलं. मावशीने लगेच विचारलं, "सामना अर्धा कसा असतो रे? पाऊस आला होता का?"

प्रश्न रास्त आहे. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, तेव्हा हा खेळ आपल्या पडद्यावर येणारच. तर हा अर्धा सामना समजून घ्यायला मी एकच हंगाम घेतो. भाचा ज्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची टोपी घालून फिरतो, तोच संघ १९५१ साली न्यूयॉर्कला होता आणि ऑगस्टच्या मध्याला साडेतेरा सामने मागे होता.

क्रिकेटवाल्यांसाठी बेसबॉल, अगदी कामापुरता

बोलरला म्हणायचं पिचर, विकेटकीपरला कॅचर. चेंडू टप्पा न पडता येतो, म्हणजे प्रत्येक चेंडू फुलटॉसच. फरक इतकाच की तो हवेतच वळतो किंवा अचानक खाली बसतो. मैदानावर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. फलंदाज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला हात किंवा पाय लावत परत मूळ जागी, म्हणजे होम प्लेटवर आला की एक धाव. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर होम रन, आणि त्या वेळी बेसवर जितके भिडू उभे असतील ते सगळे घरी येतात. तीन जण बाद झाले की बाजू बदलते. अशा नऊ पाळ्या. यजमान संघ नेहमी नंतर फलंदाजी करतो. बरोबरीत सामना सुटत नाही, निकाल लागेपर्यंत पाळ्या वाढत जातात.

बस्स. विटीदांडू खेळलेल्या माणसाला एवढ्यावर पुढचं सगळं कळतं.

अर्धा सामना कुठून आला

जायंट्स ज्या लीगमध्ये खेळायचे त्या नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) १९५१ मध्ये आठ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या सात संघांशी प्रत्येकी २२ सामने खेळायचा, ११ घरी, ११ बाहेर. झाले १५४. आयपीएलमध्ये साखळीत एका संघाचे १४ सामने होतात, त्याच्या बरोबर अकरा पट. एप्रिल ते सप्टेंबर, जवळपास रोज. उपांत्य फेरी नाही, एलिमिनेटर नाही. १५४ सामन्यांनंतर जो पहिला तो लीगविजेता. या विजेतेपदाला पेनंट म्हणतात. दुसरा आणि आठवा, दोघेही घरी. पेनंट जिंकणारा संघ मग दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी वर्ल्ड सिरीज खेळतो.

आता पिछाडी. एक जिना डोळ्यांसमोर आणा. जिंकलात की एक पायरी वर, हरलात की एक पायरी खाली. मी जिंकलो आणि तुम्ही हरलात, तर आपल्यातलं अंतर दोन पायऱ्यांनी कमी होतं. त्या दोन पायऱ्यांना मिळून "एक सामना" म्हणायचं. आज फक्त मी खेळलो आणि जिंकलो, तुमचा सामना नव्हताच, तर अंतर एकाच पायरीने घटलं. तोच अर्धा सामना. पावसाचा संबंध नाही.

११ ऑगस्ट १९५१. पहिल्या क्रमांकावरचा ब्रुकलिन डॉजर्स, न्यूयॉर्कमधलाच दुसरा संघ, ७० जिंकला, ३५ हरला, म्हणजे ३५ व्या पायरीवर. जायंट्स ५९ जिंकले, ५१ हरले, म्हणजे ८ व्या पायरीवर. अंतर २७ पायऱ्या. त्याचे निम्मे, साडेतेरा.

एक गंमत सांगून ठेवतो. हा साडेतेराचा आकडा काही तासच टिकला. डॉजर्सचे त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला ते जिंकले, दुसरा हरले. संध्याकाळी पिछाडी तेराच होती. पण दंतकथेला तेरापेक्षा साडेतेरा बरं दिसतं, म्हणून सत्तर वर्षं तेच छापलं जातंय.

पुढे काय झालं तेही पायऱ्यांतच बघा. जायंट्सचे ४४ सामने उरले होते. त्यांनी ३७ जिंकले, ७ गमावले. म्हणजे ३० पायऱ्या वर, एकूण ३८. डॉजर्सचे ४९ उरले होते, २६ जिंकले, २३ हरले. तीनच पायऱ्या वर, एकूण ३८. दोघेही ९६ विजय, ५८ पराभव. एकाच पायरीवर.

डॉजर्स झोपले होते का?

ही पहिली शंका हमखास येते. ससा झोपला म्हणून कासव जिंकलं, असं म्हणायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे.

२६–२३ ही झोप नाही. अशा गतीने अख्खा हंगाम खेळलेला संघ आठांत बरा मानला जातो. डॉजर्सची चाल मंदावली एवढंच. कासवाने मात्र सशाला लाजवील अशी धाव घेतली. १२ ऑगस्टपासून सलग १६ सामने जिंकले आणि हंगामाचे शेवटचे सातही. लांब स्पर्धेत दहा टक्के ढिलाई सहसा खपून जाते. त्याच सात आठवड्यांत दुसऱ्याने जवळपास हरायचंच सोडून दिलं तर मात्र ती अंगाशी येते. आणि डॉजर्सही शेवटपर्यंत लढले. ३० सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, जायंट्स बोस्टनमध्ये जिंकून बसले होते आणि डॉजर्स फिलाडेल्फियात हरण्याच्या काठावर होते. हरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनने बाराव्या पाळीत झेपावून एक झेल घेतला आणि चौदाव्या पाळीत होम रन मारून सामना ९–८ असा काढला. बरोबरी जायंट्सनी जेवढी साधली, तेवढीच रॉबिन्सनने वाचवली.

मग जायंट्सना झालं काय?

हंगामाची सुरुवात वाईट म्हणण्यापलीकडची होती. पहिल्या १४ सामन्यांत २ विजय, मधे सलग ११ पराभव. व्यवस्थापक (आपल्याकडचा कोच आणि कर्णधार एकाच माणसात) होता लिओ ड्युरोशर. हा गृहस्थ १९४८ च्या हंगामाच्या मधेच डॉजर्स सोडून थेट शेजारच्या वैऱ्याकडे आलेला. तोंडाळ, जुगारी मित्रांत वावरणारा, १९४७ चं अख्खं वर्ष बंदी भोगलेला. पण खेळाडूची जागा ओळखण्यात त्याचा हात धरणारा विरळा.

त्याने मे महिन्यात माणसं हलवायला सुरुवात केली. व्हायटी लॉकमन बाहेरच्या मैदानातून पहिल्या बेसवर आला, मॉन्टी अर्विन पहिल्या बेसवरून बाहेर गेला. आणि २५ मे रोजी मिनियापोलिसच्या दुय्यम संघातून वीस वर्षांचा एक पोरगा बोलावला गेला, विली मेज. तिथे त्याची सरासरी ०.४७७ होती. बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी नसते. दर हजार संधींत किती वेळा फटका यशस्वी झाला, एवढंच ती सांगते. ०.३०० म्हणजे उत्तम. ०.४७७ म्हणजे बाकीचे दुसराच कुठला तरी खेळ खेळत असावेत.

वर आल्यावर मात्र पहिल्या बारा प्रयत्नांत एकही नाही. मग वॉरन स्पान या मातब्बर पिचरला होम रन, आणि पुन्हा दुष्काळ. २६ प्रयत्नांत तो एकच फटका. पोराला रडू फुटलं. ड्युरोशरने त्याला सांगितलं की मी इथे आहे तोवर मधल्या मैदानावर तूच खेळणार. (एरवी खडूस असलेल्या माणसाने आयुष्यात एखादं वाक्य बरोबर वेळी बोलावं, तसं हे.) मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पुढे अनेकांच्या मते या खेळातला सर्वांत परिपूर्ण खेळाडू. २०२४ च्या जूनमध्ये तो वारला तेव्हा भाच्याने टोपीचा फोटो टाकला होता, खाली काही न लिहिता.

मेज मधे आला, त्यामुळे तिथला बॉबी थॉमसन उघड्यावर पडला. जुलैत ड्युरोशरने त्याला तिसऱ्या बेसवर उभं केलं, जिथे त्याची सवय फारशी नव्हती. थॉमसनची बॅट तिथूनच तापली.

अर्विनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. १९४७ पर्यंत मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना दारच बंद होतं. नियमाच्या पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे मालक ते पाळत. आपल्याकडे गावच्या विहिरीवर पाटी नसायची, तरी कुणी कुठून पाणी भरायचं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, तसंच. डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनला घेऊन ते दार उघडलं. जायंट्सकडे अर्विन आणि हँक थॉम्पसन १९४९ मध्ये आले. अर्विन तेव्हा तिशीत पोचला होता. उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये न्यूअर्क ईगल्सकडून खेळण्यात गेली होती. १९५१ मध्ये त्याने १२१ धावा घरी आणल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. दार उशिरा उघडणाऱ्या संघांनी स्वतःचंच किती नुकसान करून घेतलं, ते या एका रकान्यात दिसतं.

आणि पिचर. सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन यांनी प्रत्येकी २३ सामने जिंकून दिले, जिम हर्नने १७. मॅग्लीला "न्हावी" म्हणत, कारण त्याचा चेंडू फलंदाजाची हनुवटी तासून जायचा. १९४६ मध्ये तो जास्त पैशांसाठी मेक्सिकोच्या लीगमध्ये गेला म्हणून त्याच्यावर काही वर्षं बंदी होती, ती भोगून तो परतला होता. १९५१ मध्ये नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी धावा देणारी पिचिंग जायंट्सची होती. हे वाक्य लक्षात ठेवा, दुर्बिणीच्या वेळी लागेल.

खुणांची चोरी म्हणजे नेमकं काय

पिचर आणि फलंदाज यांच्यात साडेसाठ फूट अंतर असतं. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा दीड मीटरहून जास्त कमी. जोराचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्याही आत पोचतो. तेवढ्यात हा सरळ आहे की वळणारा, हे ओळखून बॅट फिरवायची. म्हणून कोणता चेंडू येणार हे आधी कळणं म्हणजे तीन पत्तीत समोरच्याच्या पाठीमागे आरसा असण्यासारखं आहे.

हे गुपित फोडण्याची जागा कॅचर. तो उकिडवा बसून मांड्यांच्या मधे बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे वेगाचा, दोन म्हणजे वळणारा, असं काहीतरी. त्याला खूण म्हणतात. फलंदाजाची पाठ कॅचरकडे असते, त्याला ती दिसत नाही. पण बरोबर समोरून, मधल्या मैदानाच्या टोकावरून पाहणाऱ्याला दिसू शकते.

आता जायंट्सचं मैदान पाहा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधलं पोलो ग्राउंड्स. घोड्याच्या नालेसारखं लांबट. डाव्या कडेची भिंत २७९ फुटांवर, उजवीकडची २५८ फुटांवर, आणि मधे मात्र सरळ ४८० फुटांच्याही पलीकडे. त्या दूरच्या टोकाला दोन्ही संघांच्या खोल्यांची इमारत, आणि तिला मैदानाकडे उघडणाऱ्या खिडक्या.

जुलै १९५१ मध्ये त्यातल्या एका खिडकीत दुर्बीण आली.

संघातला राखीव खेळाडू हँक शेंझ याच्याकडची ती दुर्बीण. पुढे प्रशिक्षक हर्मन फ्रँक्स तिच्यामागे बसू लागला. एका इलेक्ट्रिशियनने खिडकीपासून खेळाडूंच्या बाकांपर्यंत आणि बुलपेनपर्यंत वायर ओढून बझर बसवला. बुलपेन म्हणजे राखीव पिचर हात मोकळे करतात ती जागा. तिथे ती मैदानाच्या आतच होती, फलंदाजाच्या नजरेच्या टप्प्यात. खिडकीतल्या माणसाने खूण पाहायची, बटण दाबायचं, बझर एकदा वाजला की वेगाचा, दोनदा वाजला की वळणारा. बुलपेनमधला सॅल यव्हार्स मग चेंडू हातात धरून स्वस्थ बसायचा किंवा वर उडवायचा. समोरून फलंदाजाने तेवढं बघायचं.

दुसऱ्याच्या शेतातलं पाणी रात्री आपल्या पाटात वळवावं, तितकी साधी यंत्रणा. एक वायर, एक घंटी.

कुजबुज वर्षानुवर्षं होती, पण सगळं उघड झालं ते २००१ च्या जानेवारीत, पन्नास वर्षांनी. जोशुआ प्रेगर या पत्रकाराने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये हयात खेळाडूंच्या तोंडून सगळं छापलं. हा विषय अमेरिकेत पुन्हा पेटला तो ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघामुळे. त्यांनी २०१७ मध्ये हेच कॅमेऱ्याने केलं आणि फलंदाजाला कळवायला चक्क कचऱ्याचा डबा बडवला. २०२० मध्ये लीगने त्यांना ५० लाख डॉलर दंड केला; व्यवस्थापक आणि जनरल मॅनेजर दोघांच्या नोकऱ्या गेल्या. २०२२ पासून कॅचर बोटांऐवजी मनगटावरची बटणं दाबून पिचरच्या कानात खूण पोचवू शकतो.

पण तेव्हा नियमच नव्हता ना?

जायंट्सच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा काढतात, आणि तो अर्धा खरा आहे. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या भिडूने डोळ्यांनी खूण वाचून सोबत्याला इशारा करणं आजही चालतं. ती हुशारी समजतात. यंत्र वापरून खूण चोरण्यावर नॅशनल लीगने स्पष्ट बंदी घातली ती १९६१ मध्ये. म्हणजे १९५१ मध्ये कलम नव्हतं.

मला हा युक्तिवाद पटत नाही. नियम मोडला नव्हता तर वायर लपवून का ओढली? इतकी वर्षं तोंडं का शिवली? आपल्याकडे पेपर फुटला की ज्याला तो मिळाला तो गावात सांगत फिरत नाही. त्याला कुठलं कलम लागतं हे ठाऊक नसेल, पण काय केलंय ते ठाऊक असतं. संघातल्याही काही जणांनी आपल्याला खुणा नकोत असं सांगितल्याचं पुढे समोर आलं. नको म्हणायला ती गोष्ट काय आहे हे कळलेलं असावं लागतं.

मग ते पेनंट चोरीचंच?

इथे थोडं हळू जायला हवं.

दुर्बीण फक्त घरच्या मैदानावर होती. ११ ऑगस्टनंतर जायंट्सनी घरी २३ पैकी २० जिंकले. बाहेर, जिथे ना खिडकी ना बझर, तिथे २१ पैकी १७. घरी जास्त जिंकले हे खरं, पण बाहेरचे सतरा काय बुलपेनमधल्या यव्हार्सने चेंडू उडवून जिंकून दिले? शिवाय दुर्बीण आल्यावर घरच्या मैदानावर त्यांची फलंदाजीची सरासरी वाढली नाही. वाढली ती बाहेर. याची कारणं काहीही असू शकतात, सांगितलेल्या खुणेने गोंधळणारेही फलंदाज असतातच. पण पेपर मिळूनही गुण वाढले नाहीत, असं ते चित्र आहे. आणि दुर्बीण पिचिंग करत नाही. मॅग्लीचा चेंडू हनुवटीजवळून जाण्यात खिडकीचा काही हात नव्हता.

म्हणजे दुर्बिणीने काही बिघडलं नाही? तसंही म्हणता येत नाही, आणि याचं उत्तर पुन्हा त्या जिन्यात आहे. हंगाम संपला तेव्हा दोघे एकाच पायरीवर होते. तीसच्या तीस पायऱ्या दुर्बिणीने चढवल्या असं कुणी म्हणत नाही. पण सात आठवड्यांत एक, फक्त एक सामना त्या बझरमुळे फिरला असेल, तरी त्या एका सामन्याविना बरोबरी झाली नसती आणि पेनंट डॉजर्सचं होतं. चोरी हंगामाच्या मानाने लहान आणि निकालाच्या मानाने पुरेशी, दोन्ही एकाच वेळी असू शकते. कट्टर समर्थकांना आणि कट्टर विरोधकांना नेमकं हेच नको असतं.

तीन सामने

बरोबरी फुटावी म्हणून तीन सामन्यांची मालिका ठरली. नाणेफेक डॉजर्सनी जिंकली आणि पहिला सामना आपल्या घरी, एबेट्स फील्डवर मागून घेतला. त्याचा अर्थ उरलेले दोन पोलो ग्राउंड्सवर. नाणेफेक जिंकून आधी काय घ्यावं यावर आपल्याकडे पानटपरीवर जेवढी भांडणं होतात, त्यात ही एक जमा करायला हरकत नाही.

१ ऑक्टोबरला पहिला सामना जायंट्सनी ३–१ जिंकला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टीव्हीवर थेट दिसलेला हा पहिला बेसबॉल सामना. त्यात बॉबी थॉमसनने डॉजर्सचा पिचर राल्फ ब्रँका याला होम रन मारला, आणि मैदान डॉजर्सचं होतं, तिथे दुर्बीण नव्हती. दुसरा सामना डॉजर्सनी १०–० असा एकतर्फी घेतला.

३ ऑक्टोबरचा तिसरा सामना. कोंदट, ढगाळ दुपार. ३४,३२० प्रेक्षक, म्हणजे वीसेक हजार खुर्च्या रिकाम्या. अजून हा "तो" सामना झालेला नव्हता. डॉजर्सचा मुख्य कॅचर रॉय कॅम्पानेला पायाच्या दुखापतीने बाहेर बसलेला. नववी, शेवटची पाळी. डॉजर्स ४, जायंट्स १.

ॲल्विन डार्क पहिल्या बेसवर पोचला. डॉन म्युलरच्या फटक्यावर तो तिसऱ्यावर. अर्विन, वर्षभर ज्याने धावा आणल्या तो, सोपा झेल देऊन परतला. लॉकमनचा फटका डावीकडे गेला, डार्क घरी आला, ४–२. तिसऱ्या बेसवर घसरताना म्युलरचा घोटा मुरगळला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं, तोही त्या मधल्या इमारतीकडेच. त्याच्या जागी क्लिंट हार्टंग उभा राहिला. डॉजर्सचा पिचर डॉन न्यूकम थकला होता. व्यवस्थापक चार्ली ड्रेसनने बदली बोलावला राल्फ ब्रँकाला, ज्याला परवाच थॉमसनने भिंतीपलीकडे धाडलं होतं. पाठीवर क्रमांक १३. समोर थॉमसनच. त्याच्यानंतर फलंदाजीला विली मेज, आपल्यावर ही पाळी येऊ नये असं मनात म्हणत उभा.

पहिला चेंडू थॉमसनने सोडला, स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू वाया गेला). दुसरा आत, उंचावर. डावीकडे खाली घसरत जाणारा फटका आणि भिंतीपलीकडे. तीन धावा. ५–४.

रेडिओवर रस हॉजेस "जायंट्सनी पेनंट जिंकलं" हे एकच वाक्य चार वेळा ओरडला. ते आपल्याला आज ऐकायला मिळतं कारण ब्रुकलिनमधल्या एका घरात टेपरेकॉर्डर चालू होता.

थॉमसनला तो चेंडू आधी कळला होता का? दुर्बीण त्या दिवशीही खिडकीत होती. त्याने हंगामात खुणा घेतल्याचं मान्य केलं, पण त्या चेंडूला नाही असंच तो सांगत राहिला. २०१० मध्ये तो गेला. ब्रँकाला दुर्बिणीची बातमी १९५४ मध्येच कळली होती आणि तो जाहीरपणे गप्प राहिला. रडका म्हणवून घ्यायचं नव्हतं. पुढे अनेक वर्षं दोघे शेजारी बसून सह्या देत असत. ब्रँका २०१६ मध्ये गेला. त्याचं म्हणणं असं की खूण कळली तरी चेंडू मारावा लागतोच.

मारणाऱ्याला दाद देऊन आपली बाजूही सांगणारं असं वाक्य मी दुसऱ्या कुणा हरलेल्या माणसाकडून ऐकलेलं नाही.

पुढे जायंट्स वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून ४–२ हरले. म्युलरचा घोटा गेल्याने पहिल्या सामन्यात हँक थॉम्पसनला उतरवावं लागलं, आणि अर्विन, मेज, थॉम्पसन हे वर्ल्ड सिरीजमधलं पहिलं पूर्ण कृष्णवर्णीय बाह्यमैदान ठरलं. १९५७ नंतर दोन्ही संघांनी न्यूयॉर्क सोडलं, डॉजर्स लॉस एंजेलिसला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. म्हणून आज आमच्या भाच्याचं वैर कॅलिफोर्नियात आहे.

त्या शेवटच्या फटक्याचं एक चलच्चित्र आहे, ते त्याने मला दाखवलं. चेंडू भिंतीपलीकडे गेला आहे, प्रेक्षक कठड्यावरून उड्या मारत आत येतायत. डॉजर्सचे खेळाडू मान खाली घालून मैदान चिरत मधल्या इमारतीकडे निघालेत, दुर्बिणीच्या खिडकीखालच्या पायऱ्यांकडे. जॅकी रॉबिन्सन मात्र जागचा हललेला नाही. क्रिकेटमध्ये षटकार मारणाऱ्याला धावावं लागत नाही. इथे होम रन मारला तरी चारही बेसना पाय लावावा लागतो, आणि एखादा चुकला व समोरच्याने दाद मागितली तर फलंदाज बाद. रॉबिन्सन उभा राहून थॉमसनचे पाय मोजतोय. पहिला. दुसरा. तिसरा. होम प्लेटभोवती माणसांचा गराडा, त्यात थॉमसनची उडी. मगच रॉबिन्सन वळला आणि चालू लागला.